उदय शंकर आणि अल्मोड्याची शाळा

विद्या शिकवावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, या प्रश्नाला आपल्या देशात प्राचीन काळापासून एक ठाम उत्तर आहे. गुरूने दाखवावे आणि शिष्याने तसेच करावे. वर्षानुवर्षे तसेच करीत राहिल्यावर एक दिवस गुरूची विद्या शिष्याच्या अंगी मुरते आणि मग तो ती पुढच्या शिष्याच्या हाती देतो. गायनाची घराणी अशीच चालली आणि नृत्याच्या परंपराही अशाच टिकल्या. ग्रंथ हरवले, राजाश्रय गेला, तरी कला जगली ती या एका पद्धतीच्या बळावर. परंतु ज्याला लहानपणापासून असा गुरू लाभला नाही आणि ज्याच्यामागे कोणतेही घराणे नाही, अशा कलावंताने शाळा काढली तर त्याने काय शिकवावे? जे त्याला स्वतःला कोणी दाखविलेच नाही, ते तो कसे दाखविणार?

१९४० च्या सुमारास कुमाऊंच्या डोंगरांत, अल्मोड्याला हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. शाळा काढणारे होते उदय शंकर. त्यांचे नाव त्या वेळी युरोप-अमेरिकेतील नाट्यगृहांत दुमदुमत होते. शाळा जेमतेम चार-पाच वर्षे चालली आणि बंद पडली. नर्तक म्हणून उदय शंकर यांची कीर्ती आजही सांगितली जाते. शिक्षक म्हणून त्यांनी काय केले, याची आठवण मात्र त्या मानाने कमी निघते. आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसाचा प्रयोग पाहू गेल्यास तो रंगमंचावरचा नव्हे, तर या शाळेतला होता.

उदय शंकर यांचा जन्म ८ डिसेंबर १९०० रोजी उदयपूरला झाला. कुटुंब बंगाली, वडील श्यामशंकर हे संस्कृतचे जाणकार आणि झालावाड संस्थानाच्या सेवेत असलेले विद्वान गृहस्थ. मुलाचे बालपण काही झालावाडला आणि बरेचसे गाझीपूर जिल्ह्यातील नसरतपूर या आजोळच्या गावी गेले. त्या गावात मातादीन नावाचा, चर्मकार समाजातला एक वृद्ध नाचणारा होता. उच्चकुलीन मुलाने त्या वस्तीकडे जाऊ नये, असा तो काळ. पण हा मुलगा मातादीनचे नृत्य पाहावयास जात असे, आणि घरी येऊन त्याच्या हालचाली करून पाहत असे. उदय शंकर पुढे जगभर हिंडले, तरी आपल्या नृत्याचा उगम सांगताना ते या मातादीनचे नाव घेत. त्याने त्यांना काही शिकविले नव्हते. त्यांनी त्याला पाहिले होते. पुढे अल्मोड्याला पाहण्याच्या शक्तीला जे महत्त्व मिळाले, त्याचे बीज या गावात पडले असे म्हणावयास हरकत नाही.

मुलाचा कल चित्रकलेकडे आहे असे पाहून वडिलांनी त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घातले. त्याच काळात विष्णू दिगंबर पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयातही त्याने संगीताचे काही शिक्षण घेतले. १९२० साली तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तेथील प्रमुख विल्यम रोदेनस्टाइन हे भारतीय कलेचे मर्मज्ञ आणि रवींद्रनाथांचे स्नेही. पाश्चात्त्य चित्रकारांचे अनुकरण करण्यापेक्षा आपल्या देशाच्या शिल्पाकडे आणि चित्रांकडे पाहा, असा त्यांचा आग्रह असे. भारतीय शिल्पातील देहाची ठेवण, कटीचा बाक, हातांची भाषा हे सारे उदय शंकर लंडनच्या संग्रहालयात एखादा पाठ वाचावा तसे पाहू लागले.

वडिलांनी लंडनमध्ये योजिलेल्या भारतीय कार्यक्रमांत ते हौसेने नाचत. तेथूनच त्यांचे नाव रशियन नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हा हिच्या कानी गेले. तिला भारतीय विषयांवर नृत्ये बसवावयाची होती. १९२३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात तिने जी नृत्ये सादर केली, त्यांपैकी ‘राधा-कृष्ण’ आणि ‘हिंदू विवाह’ ही दोन उदय शंकर यांनी बसविली होती; पहिल्यात राधा ती स्वतः होती आणि कृष्ण उदय शंकर. तिच्या संचाबरोबर त्यांनी अमेरिकेचा दौराही केला. त्या संचात असताना त्यांना बॅले शिकावेसे वाटले, तेव्हा पाव्हलोव्हाने त्यांना परावृत्त केले. तुमच्या देशात इतके असताना तुम्ही आमचे कशाला घेता, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. परक्या विद्येचा मोह टाकून स्वदेशाच्या विद्येकडे वळण्याचा सल्ला एका रशियन बाईने द्यावा, यात त्या काळच्या भारताची अवस्थाही दिसून येते. कारण तेव्हा सुशिक्षित समाजात नृत्याला प्रतिष्ठा नव्हती, आणि चांगल्या घरच्या मुलामुलींनी नाचावे हे कोणाच्या स्वप्नातही येत नव्हते.

पाव्हलोव्हाचा संच सोडल्यानंतरची काही वर्षे पॅरिसमध्ये ओढगस्तीत गेली. सिमोन बार्बिए ही फ्रेंच तरुणी त्यांच्याकडे शिकू लागली आणि ‘सिमकी’ या नावाने त्यांची पहिली सहनर्तिका झाली. अ‍ॅलिस बोनर या स्विस शिल्पकार बाईंनी त्यांची गुणवत्ता ओळखली. १९३० साली त्या उदय शंकर यांच्यासह भारतात आल्या. दोघांनी लेणी, मंदिरे आणि नृत्याच्या जुन्या परंपरा पाहत देशभर प्रवास केला, वाद्ये जमविली आणि एक संच उभा केला. त्या संचात उदय शंकर यांचे भाऊ होते. सर्वांत धाकटा दहा वर्षांचा रवी, म्हणजेच पुढे जगद्विख्यात झालेले सतारवादक पंडित रविशंकर. सरोदवादक तिमिर बरन होते. आणि विष्णू दिगंबरांच्या शिष्यपरंपरेतून आलेले विष्णुदास शिराली होते; उदय शंकर यांच्या संगीताचा भार पुढे कित्येक वर्षे शिरालींनीच वाहिला. ३ मार्च १९३१ रोजी पॅरिसच्या शांझेलिझे नाट्यगृहात या संचाचा पहिला प्रयोग झाला. त्यानंतर युरोप आणि अमेरिका यांचे दौरे सुरू झाले, आणि भारतीय वाद्यवृंदाच्या साथीवर भारतीय नर्तक नाचत आहेत, हे दृश्य पाश्चात्त्य प्रेक्षकांनी प्रथमच इतक्या डौलात पाहिले.

मायदेशी मात्र या यशाबरोबर एक आक्षेपही त्यांच्या वाट्यास आला. हे नृत्य कोणत्या शास्त्राचे, असा प्रश्न जाणकार विचारीत. ते कथकली नव्हे, भरतनाट्यम् नव्हे, मणिपुरी नव्हे. मग आहे तरी काय? प्रश्न गैर नव्हता. उदय शंकर नृत्याकडे आले ते चित्रकाराच्या डोळ्याने. आकृती, रेषा, प्रकाश, वस्त्रांचा रंग, रंगमंचावरील माणसांची मांडणी या सर्वांचा विचार करून ते नृत्य रचीत. पुढे त्यांनी केरळमधील शंकरन नंबुद्री या कथकलीच्या थोर आचार्यांना गुरू मानून त्यांच्याकडून विद्या घेतली. पण तीही जशीच्या तशी रंगमंचावर आणली नाही. रवींद्रनाथांनी १९३३ साली त्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांचे कौतुक केले आणि नृत्याला भूतकाळाच्या कुंपणात कोंडू नये असे सुचविले. पण कवीचा आशीर्वाद मिळाला म्हणून आक्षेप संपत नसतो. त्याचे खरे उत्तर कृतीनेच द्यावयास हवे होते. आपण जे करतो ते एका माणसाच्या अंगची चमत्कृती नव्हे, ते इतरांनाही साध्य होऊ शकते, हे सिद्ध करावयाचे, तर शाळा काढणे हाच मार्ग होता.

हा मार्ग मोकळा झाला तो इंग्लंडमधील डार्टिंग्टन हॉल येथे. लेनर्ड एल्महर्स्ट हे रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात ग्रामसुधारणेचे काम केलेले इंग्रज गृहस्थ. त्यांनी व त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी डेव्हन परगण्यात शेती, उद्योग, शिक्षण आणि कला यांचा एक संयुक्त प्रयोग चालविला होता. जर्मनीतून आलेले कुर्ट योस तेथे नृत्यशाळा चालवीत, आणि १९३६ मध्ये मायकेल चेखॉव्ह यांची नाट्यशाळाही तेथे निघाली. हे चेखॉव्ह प्रसिद्ध रशियन लेखकाचे पुतणे. नटाच्या शिक्षणात कल्पनाशक्तीला अग्रस्थान देणारे. उदय शंकर यांचा संच त्या वर्षी काही महिने डार्टिंग्टनला राहिला. निसर्गाच्या सान्निध्यात, बाजारापासून दूर, अनेक कला एकत्र नांदवणारी संस्था असू शकते, हे त्यांनी तेथे पाहिले. एल्महर्स्ट दांपत्य व त्यांचे मित्र यांच्या साहाय्याने अल्मोड्याच्या केंद्रास भांडवल मिळाले आणि संयुक्त प्रांताच्या सरकारने सिमतोला येथील जमीन देऊ केली. तेथे मनाजोगी इमारत उभी राहावयाची ती राहिलीच नाही. वर्ग भरले ते भाड्याने घेतलेल्या वास्तूंत.

केंद्रातील शिक्षणाची रचना दोन पायांवर उभी होती. पहिला पाय परंपरेचा. कथकलीसाठी शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमसाठी बालसरस्वतींचे गुरू कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीसाठी अमोबी सिंग आणि संगीतासाठी मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. आपापल्या विद्येतील एवढे श्रेष्ठ आचार्य एका छपराखाली क्वचितच आले असतील. ज्याच्यावर अशास्त्रीयतेचा आरोप होता, त्याने आपल्या शिष्यांना शास्त्र शिकविण्यासाठी देशातील उत्तम गुरू आणावेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्याला लहानपणी जे मिळाले नाही, ते शिष्यांना मिळावे अशी त्यामागे तळमळ असावी.

दुसरा पाय मात्र उदय शंकर यांचा स्वतःचा होता. सर्व विद्यार्थ्यांचा एक सामान्य वर्ग ते स्वतः घेत. त्याची सुरुवात व्हावयाची ती चालण्यापासून. विद्यार्थ्याने तालावर नुसते चालावयाचे. नृत्य शिकावयास आलेल्या तरुणांना हे प्रथम विचित्र वाटले असेल; पण माणूस चालतो तसा असतो, आणि ज्याला स्वतःच्या देहाचा तोल, वजन व गती यांची जाणीव नाही, त्याच्या हस्तमुद्रा कितीही निर्दोष असल्या तरी पोकळ राहतात, ही त्यामागची दृष्टी होती. त्यानंतर मान, खांदे, मनगटे, बोटे, पाठीचा कणा अशा एकेका अवयवाला मोकळे करणारे व्यायाम. आणि मग वर्गाचा गाभा, म्हणजे ऐन वेळची रचना. एखादा प्रसंग, एखादी भावना किंवा एखादा साधा व्यवहार विद्यार्थ्यापुढे ठेवावयाचा आणि त्याने तो आपल्या देहाने सांगावयाचा. येथे गुरू करून दाखवीत नसे. काय करावे हे विद्यार्थ्याने शोधावयाचे. जे केले ते खरे वाटले की नाही, एवढेच सांगण्याचा अधिकार पाहणाऱ्यांचा.

या वर्गासाठी पाठांतर उपयोगी नव्हते. उपयोगी होते ते निरीक्षण. बाजारात ओझे वाहणारा हमाल, शेतात वाकलेली बाई, यंत्रापुढे उभा असलेला कामगार यांच्या अंगाची ठेवण ध्यानात ठेवावयाची आणि तिच्यातून नृत्याची हालचाल काढावयाची. लहानपणी मातादीनला पाहणाऱ्या मुलाने जे आपले आपण केले होते, त्याचाच हा अभ्यासक्रम झाला होता. त्याची आखणी करण्यात झोहरा या बुद्धिमान विद्यार्थिनीचा व सहनर्तिकेचा मोठा वाटा होता. जर्मनीत ड्रेस्डेन येथे मेरी विगमन यांच्या शाळेत शिकून आलेल्या झोहरा १९३५ साली उदय शंकर यांच्या संचात दाखल झाल्या होत्या. केंद्रात त्या आणि सिमकी अध्यापन करीत. शिवाय वेशभूषा, प्रकाशयोजना, वाद्ये, रंगमंचाची व्यवस्था या साऱ्यांशी विद्यार्थ्यांचा संबंध येई. नर्तकाने केवळ नाचावे आणि बाकीचे इतरांनी करावे, हा भेद तेथे नव्हता.

या शिक्षणाचे फळ कसे होते, हे त्या काळच्या दोन नृत्यनाट्यांवरून कळते. ‘जीवनाची लय’ आणि ‘श्रम आणि यंत्र’ अशी त्यांची नावे मराठीत सांगता येतील. दुसऱ्यात खेड्यातला माणूस कारखान्यात येतो आणि हळूहळू यंत्राचाच एक भाग होऊन जातो. रंगमंचावर खरे यंत्र नव्हते. नर्तकांची शरीरेच दांडे, चाके आणि पट्टे बनत. देवादिकांच्या कथांतून बाहेर पडून भारतीय नृत्य कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभे राहिले, ते येथे. दुसरीकडे, कुमाऊंमध्ये रामलीलेची जी परंपरा आहे, तिला मान देऊन केंद्राने छायानाट्याच्या रूपात रामलीला सादर केली. मोठ्या पांढऱ्या पडद्यामागे दिवे ठेवून नर्तकांच्या छायांतून राम, सीता, रावण उभे केले गेले, आणि डोंगरातील खेड्यापाड्यांतून लोक ती पाहावयास लोटले. परदेशात मान्यता मिळविलेल्या कलावंताने भोवतालच्या शेतकऱ्यांसाठी रामलीला करावी, हाही त्या शिक्षणाचाच एक भाग होता.

मग असे केंद्र बंद का पडले? दुसऱ्या महायुद्धाने परदेशचे दौरे थांबविले होते, आणि दौऱ्यांखेरीज उत्पन्नाचे मोठे साधन नव्हते. खर्च तर चालूच होता. पण केवळ पैशाचे कारण पुढे करणे पुरेसे होणार नाही. केंद्राचा प्राण म्हणजे उदय शंकर. आणि त्यांचे मन आता दुसऱ्या एका स्वप्नाकडे वळले होते. त्यांना चित्रपट काढावयाचा होता. नृत्य क्षणात होते आणि क्षणात नाहीसे होते. कॅमेरा ते धरून ठेवील, आणि शिवाय रंगमंचाला अशक्य अशा रचना साध्य करील, हा विचार चित्रकाराच्या पिंडाला मोहविणारा होता. १९४४ च्या सुमारास केंद्राची दारे मिटली. ज्यांनी मोठ्या आशेने अल्मोड्याची वाट धरली होती, त्या शिष्यांच्या दृष्टीने हा आघात लहान नव्हता. काहीजण चित्रपटात गुरूबरोबर राहिले, पुष्कळसे पांगले.

मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत तयार झालेला ‘कल्पना’ हा चित्रपट १९४८ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शन उदय शंकर यांचे, नायक तेच, नायिका त्यांच्या पत्नी अमला शंकर, संगीत विष्णुदास शिराली यांचे, आणि गीते अल्मोड्याजवळच्याच कौसानीचे सुपुत्र सुमित्रानंदन पंत यांची. नृत्यांची संख्या ८० च्या वर. कथा एका नर्तकाची, जो हिमालयाच्या कुशीत कलाकेंद्र उभारण्याचे स्वप्न पाहतो. एक लेखक ही कथा घेऊन चित्रपट-निर्मात्याकडे येतो, आणि तिकिटांच्या विक्रीपलीकडे काही न पाहणारा तो निर्माता ती नाकारतो, अशी चित्रपटाची चौकट आहे. प्रेक्षकांनीही काहीसे तेच केले. चित्रपटास व्यावसायिक यश लाभले नाही. शाळा गेली आणि जिच्यासाठी गेली ती कृतीही लोकांनी उचलली नाही, अशी ही दुहेरी हानी त्या वेळी दिसली असेल.

परंतु इतिहासाचा हिशेब इतक्या लवकर पुरा होत नाही. प्रथम शिष्यांकडे पाहावे. शांती बर्धन, सचिन शंकर आणि नरेंद्र शर्मा हे तिघे मुंबईत अंधेरीला इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनच्या मध्यवर्ती पथकात आले. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची वेदना ताजी होती. त्या पथकाच्या नृत्यनाट्यांनी ती देशाच्या प्रेक्षकांपुढे मांडली. पुढे १९५२ साली शांती बर्धन यांनी मुंबईत लिट्ल बॅले ट्रूप स्थापन केला आणि ‘रामायण’ असे बसविले की, जिवंत नर्तक कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हलत. १९५४ साली ते अकाली वारले, तरी त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी तो संच जगविला. तो ग्वाल्हेरला व नंतर भोपाळला गेला. सचिन शंकर यांनी मुंबईतच आपला बॅले युनिट चालविला आणि कोळी लोकांच्या जीवनावर ‘मछेरे’ रचले. नरेंद्र शर्मा दिल्लीला गेले. शाळकरी मुलांना नृत्य शिकविता शिकविता त्यांनी १९७२ साली ‘भूमिका’ ही संस्था उभी केली. सुंदरी श्रीधराणी यांनी दिल्लीत १९५० साली त्रिवेणी कला संगम सुरू केले. तेथे चित्र, नाट्य, संगीत आणि नृत्य एकाच वास्तूत नांदू लागले. अल्मोड्याचा विचार शहरात रुजला तो असा.

काहींनी तर नृत्यच सोडले. झोहरा सेहगल पृथ्वी थिएटर्समध्ये नटी झाल्या आणि २०१४ साली, वयाची १०२ वर्षे ओलांडून निवर्तल्या, तोवर त्यांचा अभिनय रसिकांना परिचित होता. लक्ष्मी शंकर आजारपणामुळे नृत्यातून बाहेर पडल्या आणि हिंदुस्थानी गायिका म्हणून नावारूपाला आल्या. शांता गांधी यांनी गुजरातच्या भवाईला आधुनिक रंगभूमीवर आणणारे ‘जसमा ओडन’ बसविले. आणि पदुकोण घराण्यातील एक तरुण केंद्र बंद पडल्यावर पुण्यास प्रभात फिल्म कंपनीत नृत्यदिग्दर्शक म्हणून रुजू झाला. तो म्हणजे गुरुदत्त. ‘प्यासा’ आणि ‘कागज के फूल’ यांतील छायाप्रकाशात, गाण्यांच्या चित्रणात, माणसांच्या संथ हालचालींत अल्मोड्याचा अंश किती हे मोजता येणार नाही. पण ज्याने कोवळ्या वयात पडद्यावरच्या छायांचे शिक्षण घेतले, त्याच्या डोळ्यांना ते विसरणे शक्य नव्हते.

या यादीत एक गोष्ट सहज दिसून येते. यांतील कोणीही दुसरा उदय शंकर झाला नाही. घराण्याच्या मापाने हे अपयश ठरेल. गुरूची चाल, गुरूची लकब, गुरूचा पदन्यास शिष्याच्या अंगी दिसला नाही, तर परंपरा तुटली असे आपण म्हणतो. उदय शंकर यांच्या मापाने मात्र हेच यश होते. त्यांच्या बाह्य रूपाची नक्कल करणारे त्या काळी गावोगाव निघाले होते. ‘ओरिएंटल डान्स’ या नावाखाली वाटेल ते नाचणारे हे लोक त्यांचे शिष्य नव्हते, ते त्यांचे प्रेक्षक होते. जे खरे शिष्य होते, त्यांनी नक्कल केली नाही. कारण वर्गात ती कधी शिकविलीच गेली नव्हती.

तरी या प्रयोगाची दुसरी बाजू झाकून ठेवणे न्याय्य होणार नाही. याच काळात वल्लत्तोळ यांच्या केरळ कलामंडलमने आणि रुक्मिणीदेवींच्या कलाक्षेत्राने परंपरागत शैलींचे शिस्तबद्ध शिक्षण सुरू केले. कलामंडलम १९३० चे, कलाक्षेत्र १९३६ चे. दोन्ही संस्था आपल्या संस्थापकांच्या मागेही टिकल्या, कारण तेथे जे शिकविले जात होते ते एका व्यक्तीवर अवलंबून नव्हते. अल्मोड्याचे केंद्र उदय शंकर यांचे लक्ष दुसरीकडे जाताच कोसळले. कल्पनाशक्ती जागी करणारा शिक्षक असामान्य असावा लागतो, आणि असामान्य माणसावर उभी राहिलेली संस्था त्याच्याइतकीच चंचल असते. अभ्यासक्रम कागदावर उतरविता येतो. पण ऐन वेळच्या रचनेतून विद्यार्थ्याचा खरा आणि खोटा क्षण ओळखणारी नजर उतरविता येत नाही. स्वातंत्र्योत्तर काळात शास्त्रीय शैलींना विद्यालये, परीक्षा आणि मान्यता मिळाल्या. सर्जनशील नृत्याला मात्र अशी बळकट व्यवस्था फार उशिरा आणि तुटक स्वरूपात मिळाली. एक शाळा वेळेआधी बंद झाल्याची ही किंमत होती.

उदय शंकर पुढे स्वस्थ बसले नाहीत. १९६१ साली, रवींद्र जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी रवींद्रनाथांच्या कवितेवर ‘सामान्य क्षति’ रचले. १९६५ साली कलकत्त्यात पुन्हा एक केंद्र निघाले. ते अमला शंकर यांनी अनेक वर्षे सांभाळले. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी ‘शंकरस्कोप’ या नावाने रंगमंच आणि चित्रपट यांचा संगम घडविणारा प्रयोग केला. पडद्यावरची व्यक्ती रंगमंचावर उतरून येई आणि रंगमंचावरची पडद्यात शिरे. संगीत नाटक अकादमीने १९६० साली त्यांना पुरस्कार दिला आणि १९६२ साली अधिछात्रवृत्ती. १९७१ साली पद्मविभूषण लाभले. २६ सप्टेंबर १९७७ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले.

आणि ‘कल्पना’? वाद, दुर्लक्ष आणि काळ यांच्या तडाख्यातून त्याच्या प्रती कशाबशा उरल्या. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेल्या साहित्यावरून त्याचे जीर्णोद्धाराचे काम परदेशात झाले आणि २०१२ साली कान येथील महोत्सवात तो नव्याने दाखविला गेला. अमला शंकर तेव्हा हयात होत्या, आणि ९० वर्षांपुढच्या वयात त्या तेथे उपस्थित राहिल्या. चौसष्ट वर्षांपूर्वी ज्या चित्रपटाकडे लोकांनी पाठ फिरविली, तो आता जगातील अभ्यासक आदराने पाहू लागले.

आज अल्मोड्याच्या त्या वर्गात काय चालत असे, विद्यार्थ्यांची अंगे कशी घडविली जात, सामुदायिक रचना कशा बांधल्या जात, हे कोणास डोळ्यांनी पाहावयाचे झाले, तर त्याला ‘कल्पना’ पाहावा लागतो. ज्या चित्रपटासाठी शाळा सोडली गेली, त्याच चित्रपटात ती शाळा राहिली आहे. उदय शंकर यांनी हा सौदा योग्य केला की अयोग्य, याविषयी मतभेद होतील, आणि व्हावेत. ज्यांची दोन-चार वर्षे त्या डोंगरावर गेली, त्या शिष्यांपैकी काहींना हा निर्णय अखेरपर्यंत सलला असेल. पण त्यांतील प्रत्येकाने पुढे आपापल्या वाटेने, कोणी अंधेरीत, कोणी दिल्लीत, कोणी चित्रपटाच्या पडद्यावर जे केले, ते पाहिले म्हणजे एवढे निश्चित म्हणता येते की, चालण्यापासून सुरू झालेला तो धडा त्यांना पुरेसा पोहोचला होता. आपल्या शिक्षणसंस्था आजही विद्यार्थ्यास काय यावे याचीच मोजदाद करतात. त्याला काय सुचावे, हा प्रश्न विचारणारी एक शाळा या देशात एकदा होऊन गेली. तिची आठवण ठेवावयाची ती या प्रश्नासाठी.